चव चुलीची, धूर कुणाचा?

चांदणी चौक ओलांडला की पाट्या सुरू होतात. 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी', 'अस्सल गावरान जेवण, फक्त चुलीवर'. भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड करत करत मुळशीच्या धरणापर्यंत आणि तिथून पुढे ताम्हिणी घाटाच्या तोंडाशी जाईपर्यंत या पाट्या काही आपला पिच्छा सोडत नाहीत. एका पाटीवर तर मी 'चुलीवरचा चहा'सुद्धा वाचला. पूर्वी याच रस्त्यावर चहाच्या टपऱ्या असायच्या आणि अधूनमधून एखादं साधंसं हॉटेल. मग पुणं पसरत पसरत इकडे आलं. शेतं विकली गेली, बंगले उठले. प्रवीण तरडे यांनी २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' या सिनेमात जमिनीची जी गोष्ट सांगितली, ती इथलीच. ज्यांच्याकडे रस्त्यालगतचा एखादा तुकडा उरला, त्यांतल्या काहींनी त्यावर पत्र्याची शेड टाकली, चार टेबलं मांडली आणि पाटी लावली. जमीन गेली तरी चूल घरात होतीच. तीच कामाला आली.

मैत्रिणींनो, गंमत बघा. ज्या चुलीपासून आपल्या आया-आज्या एकदाच्या सुटल्या म्हणून आपण सुटकेचा नि:श्वास टाकला, तीच चूल आता जाहिरात होऊन पाटीवर बसली आहे. मात्र ती पेटवणारी बाई पाटीवर कुठेच नाही. ती असते मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात. आज तिच्याबद्दल आणि तिच्या नाकातोंडात जाणाऱ्या धुराबद्दल थोडं बोलू या.

चापांची खानावळ

पौडच्या पुढे एक खानावळ आहे. तिचं नाव मुद्दामच देत नाही, कारण मी सांगणार आहे ती गोष्ट एकट्या तिची नाही. ही खानावळ प्रसिद्ध आहे ती चापांसाठी. मटणाच्या दुकानात उभं राहून 'सीना-चाप द्या हो' असं म्हणणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको, पण नव्या मुलींसाठी सांगते. चाप म्हणजे बोकडाच्या बरगडीचा भाग. बारीक हाडांची रांग, त्यावर मांसाचा पातळ थर आणि मधूनमधून चरबीची रेघ. अमेरिकेत ज्या 'स्मोक्ड रिब्ज'साठी लोक तासन् तास रांगा लावतात, त्यांचा हा आपल्याकडचा भाऊबंद म्हणा ना. तिकडे बहुधा डुकराच्या नाहीतर गाईबैलाच्या बरगड्या असतात, आपल्याकडे बोकडाच्या, एवढाच फरक.

इथली रीत अशी. चापांना आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद आणि मीठ चोळून ठेवायचं. मग जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून, त्या झाकणावर पाणी घालून, चुलीवर त्या अर्ध्यामुर्ध्या शिजवायच्या. आणि शेवटी बाहेर, अंगणातल्या विटांच्या लांबट शेगडीवर जाळी टाकून निखाऱ्यावर सावकाश भाजायच्या. चरबी वितळून थेंब थेंब निखाऱ्यावर पडते, 'चर्र' आवाज होतो, एक खमंग झुळूक उठते आणि रस्त्यावरची गाडी आपोआप आत वळते. सोबत तांदळाची भाकरी, पातळ रस्सा, कांदा आणि इंद्रायणीचा भात. खरंच सांगते, चव अशी की बोलता बोलता माणूस गप्प होतो.

मी तिथं गेली काही वर्षं जाते. चौथ्या-पाचव्या खेपेला हात धुवायला मागच्या बाजूला गेले आणि स्वयंपाकघराचं दार उघडं दिसलं. तोवर या घरातला एकच माणूस मला ओळखीचा होता, तो म्हणजे पुढे शेगडीवर चापा उलटणारा मालक. तरणाबांड, डोक्याला रुमाल बांधलेला, गिऱ्हाइकांशी गप्पा मारणारा. लोक त्याचे फोटो काढतात, 'दादा, जरा धूर येऊ द्या की' असं म्हणून व्हिडिओ करतात. जाताना त्याच्या हातावर दहावीस रुपये जास्तीचे ठेवतात.

मागे त्याची आई होती आणि बायको होती. तीन चुली, तिन्ही धडाडून पेटलेल्या. एकीवर रस्सा, एकीवर भात, एकीवर तवा. वर पत्रा, एका बाजूला हातभर खिडकी. बाहेर पावसाची झोड चालली होती म्हणून ती खिडकीही पोत्यानं झाकलेली. मी दारात उभी राहिले तर माझ्या डोळ्यांतून दोन मिनिटांत धारा लागल्या. मावशी मात्र काटवटीत पीठ मळत शांत बसल्या होत्या. डोळे लाल, पदराचं टोक नाकाशी.

"आत नका येऊ ताई, धुरानं जीव गुदमरंल तुमचा," त्या म्हणाल्या.

"आणि तुमचा?"

त्या हसल्या. हसता हसता खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

"घराण्यातच हाय"

त्या दिवशी आणि पुढच्या खेपांना मावशींशी तुकड्या-तुकड्यांनी बोलणं झालं. त्यांना दम लागतो. हंडा उचलून अंगणात आणताना मध्ये दोनदा बसावं लागतं. सकाळी उठल्यावर अर्धा तास खोकला आणि कफ. "दमा हाय म्हनत्यात. माझ्या आईलाबी व्हता. घरान्यातच हाय तो," असं त्या अगदी समजूतदारपणे सांगतात.

मी विचारलं, "आई काय करायच्या?"

"काय करनार? चूल, शेत आन् पोरं."

बघा, उत्तर त्यांच्याच तोंडात होतं. आई चुलीपुढे बसली, लेक चुलीपुढे बसली, दोघींना दम लागला. आपण म्हणतो, घराण्यातच आहे. घराण्यात होती ती चूल!

सुनेनं हट्टानं त्यांना पुण्याला एका छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, "विडी-बिडी ओढता का?" आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या मावशींना ते फार लागलं. मग एका यंत्रात जोरानं फुंकायला सांगितलं. त्याचं वर्णन त्यांनी असं केलं, "जन्मभर फुंकनी फुंकली ताई, तर डाक्टरानंबी फुंकायलाच लावलं!" छातीत किती हवा मावते आणि ती किती वेगानं बाहेर पडते हे मोजण्याची ती तपासणी होती. निघालं ते दम्यासारखंच दिसणारं, पण वेगळं दुखणं. डॉक्टर त्याला 'सीओपीडी' म्हणतात. त्यात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. औषधानं त्रास कमी होतो, पण गेलेलं सगळं परत मिळत नाही.

हे दुखणं सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं, अशी वैद्यकाचीही पूर्वी समजूत होती. ती बदलण्यात आपल्या पुण्याचा वाटा आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांचा एक लेख २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. विषय होता, धूम्रपान न करणाऱ्यांना होणारा सीओपीडी. त्यात त्यांनी साधा हिशोब मांडला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी, पण लाकूड, शेणी, पालापाचोळा यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. मग मोठा धोका कुठला? त्यांचं म्हणणं होतं की जगाचा विचार केला तर चुलीचा धूर हे या दुखण्याचं सगळ्यांत मोठं कारण असू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की घरातल्या चुलीच्या आणि तशाच इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक मुलं होती, कारण आई चुलीपाशी आणि बाळ आईपाशी. धुरातले अतिसूक्ष्म कण इतके बारीक असतात की आपल्या केसाच्या जाडीत तीसेक कण शेजारी शेजारी मावतील. नाकातले केस, घशातला ओलावा यांना ते दाद देत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात. म्हणूनच या धुराचा संबंध नुसत्या खोकल्याशी नाही, तर हृदयविकार, पक्षाघात आणि मोतीबिंदूशीही जोडला जातो.

गॅस आला, पण...

तुम्ही म्हणाल, आता गावोगाव गॅस पोहोचला की! पोहोचला, खरंच पोहोचला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली आणि त्यातली आठ कोटीवी जोडणी २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आपल्याच औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दिली गेली. मावशींच्या घरातही शेगडी आहे. सकाळचा चहा, नातवाचं दूध त्यावरच होतं.

पण खानावळीचं काय? घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, तो महाग. सरपण मात्र बांधावरचं, जवळजवळ फुकटचं. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे ती पाटी. मालक मला म्हणाला, "ताई, गॅसवर करायला लागलो तर लोक इथं कशाला येतील? गॅस तर त्यांच्या घरी पण आहे."

बरोबर आहे त्याचं. म्हणजे घरच्या बाईची चूल सरकारनं विझवली आणि गिऱ्हाइकानं ती पुन्हा पेटवली. पूर्वी ती दोन वेळच्या पाच-सात माणसांसाठी पेटायची. आता रविवारी सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत पेटते.

त्यातून हंगाम कोणता? पावसाळ्याचा! जुलै-ऑगस्टमध्ये ताम्हिणीचे धबधबे बघायला गर्दी लोटते, तेव्हाच लाकूड ओलं असतं. चुलीपुढे बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ओलं लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. सरपणातलं पाणी उडून जाण्यातच बरीच धग खर्ची पडते, जाळ थंड राहतो आणि अर्धवट जळलेलं सगळं धूर होऊन बाहेर येतं. म्हणजे गिऱ्हाईक सर्वांत जास्त, लाकूड सर्वांत ओलं आणि खिडकी पोत्यानं झाकलेली. तिन्ही गोष्टी एकाच वेळी.

या खोऱ्याची गोष्टच अशी आहे. मुळशीचं धरण होऊ नये म्हणून १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. भातखाचरं पाण्याखाली गेली. १९२७ पासून त्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होते आणि ती मुंबईकडे जाते. मुंबईत दिवे लागले, आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या लेकीसुना पुढची कित्येक वर्षं फुंकणी घेऊन चुलीत फुंकत राहिल्या. आजही बाहेरच्यांनी यावं, इथली गोडी घेऊन जावं आणि मागे उरलेलं इथल्या बायकांनी सोसावं, हेच चाललेलं असेल तर थांबून विचार करायला हवा.

चव नेमकी कशात?

"धूर गेला तर चव जाईल." हे वाक्य मी या रस्त्यावर किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! मालकाच्या, गिऱ्हाइकांच्या, एकदा तर मावशींच्याही. म्हणून मी ठरवलं, हे जरा नीट तपासूनच बघू. स्वयंपाकघर हे काही आपल्याला परकं नाही.

पहिली गोष्ट, रस्सा. तो शिजतो झाकणाच्या पातेल्यात. झाकणावर पाणी. धूर आत शिरणार कुठून? तो पातेल्याच्या बाहेरून वर जातो आणि पातेलं काळं करतो, एवढंच. मग रस्स्याला ती खास चव येते कशानं? सावकाश आचेवर दोन-दोन तास शिजल्यानं. हाडांचा अर्क उतरतो, नळीतला मगज विरघळतो, मांसातले चिवट धागे मऊ होतात. आणि वाटणानं. मावशी कांदा आणि सुकं खोबरं सबंधच्या सबंध निखाऱ्यात घालतात. वरचं साल जळून कोळसा झालं की ते काढून आतला गोडसर, खमंग भाग पाट्यावर वाटतात. 'चुलीचा वास' म्हणून आपण जो म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा या कांद्या-खोबऱ्यातून येतो.

दुसरी गोष्ट, भाकरी. ती तव्यावर भाजते आणि फुगते निखाऱ्यापुढे उभी करून. जाळात नाही, निखाऱ्यापुढे. आणि निखारा जवळजवळ धुरत नाही. लाकूड धुरतं ते पहिल्यांदा, पेटताना. त्याचा लालभडक निखारा झाला की धूर संपलेला असतो.

तिसरी गोष्ट, त्या प्रसिद्ध चापा. त्यांना धुराची चव लागतेच, खोटं कशाला बोलू? पण तो धूर चुलीच्या धुमसत्या लाकडाचा नसतो. बाहेर मोकळ्या हवेत चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून उठणाऱ्या वाफेचा असतो. तो काम करून वाऱ्यावर निघून जातो.

आता अमेरिकेतल्या त्या रिब्जकडे या. तिथे तर सगळा खेळच धुराचा. बरगड्या शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत पाच-सहा तास ठेवतात. लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकाचं उष्णतेनं विघटन होतं, त्यातून 'ग्वायकॉल'सारखी सुगंधी द्रव्यं निघतात आणि ती मांसावर बसतात. मांसाच्या कडेला एक गुलाबी रेघ उमटते, धुरातल्या वायूची आणि मांसातल्या रंगद्रव्याची गाठ पडून. पण तिथले जाणकार एका गोष्टीला घाबरून असतात, ती म्हणजे दाट पांढरा धूर. त्यानं मांस कडू होतं. त्यांना हवा असतो पातळ, निळसर धूर, कोरड्या लाकडाचा. आणि त्यांची ती भट्टी कशी असते माहीत आहे? एका बाजूला जाळ, मध्ये बंद पेटी, आणि दुसऱ्या बाजूला धुराडं! धुरासाठीच जगप्रसिद्ध असलेला हा पदार्थ धुराड्याशिवाय होत नाही.

आपल्याकडच्या जुन्या रीतीही हेच सांगतात. घाटाखाली रायगडात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी घालून, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. कुठे? शेतात, मोकळ्यावर. विरारजवळच्या आगाशीचं भुजिंग प्रसिद्ध आहे, तिथे कोंबडी कोळशावर भाजून पोह्यांत मिसळतात. आणि घरी दालला किंवा वांग्याच्या भरताला आपण धुंगार देतो तेव्हा काय करतो? वाटीत एक निखारा, त्यावर चमचाभर तूप, पाच मिनिटं झाकण. झालं! चवीला धूर लागतो तो एवढाच. बाकीचा सगळा निव्वळ त्रास.

तेव्हा मैत्रिणींनो, जो धूर चव देतो तो वेगळा आणि जो मावशींच्या छातीत बसतो तो वेगळा. दुसरा काढून टाकला तर पहिल्याला धक्काही लागत नाही.

सुनेचं धुराडं

हे मी मोठ्या उत्साहानं सुनेला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "ताई, मला माहीतच होतं. माझ्या माहेरी लक्ष्मी चूल होती."

मला फार आनंद झाला. कारण लक्ष्मी चुलीची गोष्टही आपल्या पुण्याचीच. बिनधुराच्या चुली घरोघरी बसवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या अखेरीला सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद झाला. देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. त्यांतल्या पुष्कळ पुढे मोडल्या, काहींची धुराडी साफ न केल्यानं तुंबली. पण त्या काळात काही चांगली कामंही झाली. इरावती कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये 'आरती' ही संस्था उभी केली आणि ग्रामीण इंधनावर वर्षानुवर्षं काम केलं. त्या कामाला ॲश्डेन पुरस्कार दोनदा मिळाला, २००२ आणि २००६ मध्ये. लक्ष्मी चूल याच कामातली. दोन तोंडांची, साच्यात घडवलेली सिमेंटची, मागे धुराडं असलेली. डॉ. कर्वे यांच्या कन्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनीही कमी धुराच्या चुलींचं काम पुढे चालू ठेवलं.

तर सुनेनं नवऱ्याच्या मागे लकडा लावला. तो म्हणे, चव जाईल. ती म्हणे, जाऊ दे, आत्या तर राहतील! शेवटी गावातल्याच गवंड्याला बोलावून तीन चुलींच्या मागून एक कट्टा बांधला, त्यातून पत्र्याचं नळकांडं छपराच्या वर दोन हात नेलं, टोकाला पाऊस आत येऊ नये म्हणून टोपी बसवली. खिडकी मोठी केली. सरपण मे महिन्यातच फोडून, उंचावर रचून, वरून ताडपत्री घालून ठेवलं. खर्च किती आला? एका चांगल्या रविवारच्या गल्ल्याहून कमी.

आणि गिऱ्हाइकांना फरक कळला का? सून हसून म्हणाली, "एकालाही नाही. उलट एक काका म्हणाले, आज रस्सा जास्त झणझणीत झालाय."

सगळं गोड गोड झालं असं मात्र नाही. वारा फिरला की धूर उलटा आत येतो. दर पंधरा दिवसांनी नळकांडं ठोकून काजळी काढावी लागते, आणि ते काम कुणाचं यावर नवरा-बायकोत कुरबूर होते. मावशींचा खोकला कमी झाला आहे, गेलेला नाही. दम लागतोच. डॉक्टरांनी सांगितलं ते खरं ठरलं, फुप्फुसातलं गेलं ते गेलं. पण आता गर्दीच्या दिवशी त्या चुलीपुढे बसत नाहीत. खिडकीपाशी खुर्चीवर बसून वाटणाचं प्रमाण सांगतात, मीठ चाखतात. चव त्यांच्या डोक्यात होती, छातीत नव्हती!

अजून एक गोष्ट सुनेनं मिळवली आणि ती मला धुराड्याइतकीच मोलाची वाटते. मी एकदा मावशींना विचारलं होतं, तुम्हाला यातलं काय मिळतं? त्या गोंधळल्याच. "मला? घरचंच हाय की ओ." शेगडीवर मदतीला ठेवलेल्या पोऱ्याला पगार आहे, वाढप्याला पगार आहे. सबंध धंदा जिच्या हातच्या चवीवर उभा, तिला मात्र काहीच नाही, कारण ते 'घरचं'. आता महिन्याला ठरावीक रक्कम मावशींच्या आणि सुनेच्या बँक खात्यात जमा होते. रक्कम मोठी नाही. पण औषधाच्या पंपासाठी मुलाकडे हात पसरावा लागत नाही, असं मावशींनी मला खालच्या आवाजात, पण जरा ताठ बसून सांगितलं.

आपण काय करायचं?

मी चुलीवरचं जेवण सोडा असं म्हणणार नाही. उलट जा, आवडीनं जा. या रस्त्यावरच्या कितीतरी घरांचा संसार त्या पाटीवर चालतो. पण जाल तेव्हा जेवणानंतर एकदा मागच्या बाजूला डोकावून या. तिथल्या बाईशी दोन शब्द बोला, 'मावशी, भाकरी फार छान झाली' असं तिला सांगा, नुसतं पुढच्या दादाला नको. छपरावर धुराडं दिसतंय का बघा. नसेल तर मालकाला विचारा, हसत हसत विचारा, पण विचारा. तो गिऱ्हाइकाचं ऐकतो. 'धूर येऊ द्या' असं म्हणणारी गिऱ्हाइकं त्याला पुष्कळ भेटतात, 'धूर जाऊ द्या' म्हणणारी दोन-चार तरी भेटू देत.

आणि तुमच्या गावी अजून चूल पेटत असेल, तुमच्या आईला, सासूला, कामाला येणाऱ्या मावशींना वर्षानुवर्षांचा खोकला असेल, चार पावलांत दम लागत असेल, तर 'वयानं होतं', 'घराण्यात आहे' म्हणून सोडून देऊ नका. ती फुंकण्याची तपासणी एकदा करून घ्या. डॉक्टरांनी विडीबद्दल विचारलं तर आपणहून चुलीबद्दल सांगा. किती वर्षं, दिवसाचे किती तास, खिडकी होती की नव्हती, सगळं सांगा. ती माहिती कुठल्याही रिपोर्टात आपोआप उमटत नाही, ती बाईलाच सांगावी लागते.